वाढवलेला उजेड

नव्वदच्या दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं मी कर्जतला कॉम्प्युटर जोडून द्यायचं आणि दुरुस्त करायचं काम करत होतो. स्टँडच्या मागं एक गाळा, त्यात एक टेबल, एक सोल्डरिंग गन आणि भिंतीला टेकवलेली चार-पाच उघडी कॅबिनेटं. तालुक्यात कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याएवढे आणि ते उघडायची हिंमत असलेला मी एकटा. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तसा मी शहाणा होतो. आणि तो शहाणपणा माझ्या अंगात फार मुरला होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमच्या धंद्यातलं सगळ्यात चिडवणारं दुखणं म्हणजे ‘नो डिस्प्ले’. बटण दाबलं की पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, आत हार्डडिस्क कुरकुरते, सगळं जिवंत असतं, फक्त पडदा काळा. मेलेलं यंत्र बरं, त्याचं निदान लगेच होतं. हे जिवंत असून तोंड न दाखवणारं यंत्र मात्र माणसाचा अंत बघतं.

त्या मार्चमध्ये माझ्या गाळ्यात एक माणूस आला. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होता. मी त्याला चांगला ओळखत होतो आणि त्याला बघून टेबलाखाली लपावंसं मला वाटलं, हेही खरं. तो माझ्या मित्राचा बाप होता. मित्र मिरजगावचा. आम्ही दोघं एकाच टायपिंग क्लासात बोटं मोडून घेतलेली, पुढं दोघांनाही कॉम्प्युटरचं वेड लागलं. मी त्याचा धंदा केला. त्यानं माझ्या गाळ्यातले जुने-नवे भाग जमवून घरी स्वतःचा एक कॉम्प्युटर उभा केला. त्यानंतर वर्षभरात त्याला कावीळ झाली, नगरच्या दवाखान्यात नेलं आणि नऊ दिवसांत तो गेला. मातीला मी गेलो होतो. त्यानंतर सहा महिने त्या घराकडं फिरकलो नाही. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, म्हणून गेलो नाही. भ्याडपणाला दुसरं नाव नसतं.

काका खुर्चीत बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, “त्येचं ते मशीन विहारात ठिवायचं हाय. वस्तीतली पोरं शिकतील. त्येचीबी तीच इच्छा हुती. पन ते सुरू हुतंय अन् पडद्यावर कायबी दिसत न्हाई. येक डाव येऊन बघ.”

मी म्हणालो, “येतो की काका. उद्याच येतो.”

ते जायला वळले, मग थांबले. रागावल्यासारखं तोंड करून म्हणाले, “आन् आनखी येक. वस्तीतल्या बाया म्हनत्यात, दुपारच्याला आमच्या घरात पोरगा बोलतुया. मी आठवड्याला घरी येनारा मानूस, मला काय ऐकू आलं न्हाई. आमच्या बापानं छप्पन साली हे सगळं सोडलं. आमच्यात पिंड न्हाई, कावळा न्हाई, भूत न्हाई. अन् आता आमच्याच घराला बाया हात जोडून जात्यात. मला लई लाज वाटती. तेवढं मशीन हलीव तिथनं.”

यंत्राचा आणि बायांच्या बोलण्याचा काय संबंध, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनाही बहुतेक ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं मिरजगावला उतरलो तेव्हा बारा वाजायला आले होते. ज्वारीची काढणी चालू होती, त्यामुळं हमरस्त्यावरची वर्दळ सोडून वस्तीकडं वळलो आणि एकदम सगळं बंद झालं. दारांना कड्या, अंगणात कोणी नाही, सावलीत पडलेल्या कुत्र्यांनी माझ्यावर भुंकायचेही कष्ट घेतले नाहीत. आमच्याकडं भुतं रात्रीपेक्षा भर बाराला जास्त धीट असतात असं लहानपणी ऐकलेलं. मी विज्ञानाचा माणूस, हातात स्क्रू ड्रायव्हरची पिशवी. तरी त्या पांढऱ्या उन्हात माझीच पावलं मला मोठ्यानं ऐकू यायला लागली आणि ते मला आवडलं नाही.

मित्राची आई घरात एकटीच होती. मी तिला मावशी म्हणायचो. ती रडली नाही, का आला नाहीस असंही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “वाळलास.” आणि पाणी दिलं. घर दोन खोल्यांचं. पुढं एक खोली, मागं चुलीची. चुलीपाशी बसलं की पुढचं दार दिसत नाही, मधे भिंत येते. पुढच्या खोलीत एका कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं मेणबत्ती जळत होती, आणि समोरच्या भिंतीशी टेबलावर तो कॉम्प्युटर. त्यावर क्रोशाचं झाकण घातलेलं. खुर्ची नीट आत सरकवून ठेवलेली. टेबलावर धुळीचा कण नव्हता.

“बघ तुझं काय ते,” म्हणून ती चुलीकडं गेली. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

मी झाकण काढलं, बटण दाबलं. पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. पडदा काळा. त्यात माझं तोंड तेवढं दिसत होतं, आणि माझ्या पाठीमागं उघडं दार.

मग मी आमचे ठरलेले सोपस्कार सुरू केले. केबल काढून परत लावली. कॅबिनेट उघडलं. रॅमची पट्टी काढून यंत्र चालू केलं, तर ते भोंगा वाजवून ओरडायला लागलं. म्हणजे मदरबोर्ड शुद्धीवर होता. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, परत बसवली. या वेळी एकच बारीक ‘टुक’. यंत्राच्या भाषेत त्याचा अर्थ, मी बरा आहे. डिस्प्ले कार्ड काढून पुसलं, बसवलं. परत ‘टुक’. मॉनिटरचा दिवाही हिरवा. सिग्नल येत नसता तर तो नारिंगी झाला असता. म्हणजे यंत्र बरं आहे, चित्र पाठवतंय, मॉनिटरला ते पोचतंय, आणि तरीही दिसत काही नाही. मी वैतागलो. खरं सांगायचं तर मेलेल्या मित्रावरही वैतागलो. काय जोडून ठेवलंयस बाबा हे, असं मनात म्हणालो.

यंत्र चालूच ठेवून मी खाली जमिनीवर बसलो आणि टेबलाकडं पाठ करून हत्यारं पिशवीत भरायला लागलो. पाचेक मिनिटं गेली असतील. हार्डडिस्कची कुरकुर थांबली. वस्तीत कुठं चिमणीसुद्धा बोलत नव्हती.

“आई, आलो गं.”

माझ्या पाठीमागं, हातभर अंतरावर, कुणीतरी म्हणालं. तरण्या पोराचा आवाज. दारातून आत येताना द्यावी तशी हाळी. तिच्यामागून काहीतरी खरखरलं आणि थांबलं.

आणि मागच्या खोलीतून, भाकरीची थाप न चुकवता, मावशीचा आवाज आला, “ये रं बाबा. हातपाय धू आदी.”

अंगावरचा केस न् केस उभा राहिला. त्या हाळीपेक्षा मला त्या उत्तराची जास्त भीती वाटली. ते इतकं रोजचं होतं. मी हळूहळू मान वळवली. खुर्ची मोकळी होती. दार उघडं होतं आणि उंबऱ्यापलीकडं नुसतं ऊन.

मग टेबलावरच्या फळीवरचे दोन बारके स्पीकर दिसले आणि माझं डोकं ठिकाणावर आलं. कॉम्प्युटर चालू झाल्यावर एक संगीत वाजतं, त्याच्या जागी आपल्याला हवा तो आवाज लावता येतो. मित्रानं त्याची ती प्रसिद्ध हाळी लावून ठेवली होती. क्लासातून, शेतातून, कुठूनही आला की तो दारातूनच ओरडायचा. मावशी रोज दुपारी वस्ती मोकळी झाली की बटण दाबत असणार आणि झालं की भिंतीवरचा खटका बंद करत असणार. यंत्र असं अर्ध्यात मारलं की पुढच्या खेपेला ते आधी स्वतःच्या पोटातलं सगळं तपासत बसतं. त्यात त्याला पाच मिनिटं लागायची आणि मग ते बोलायचं. सगळ्याचा उलगडा झाला. तरी मानेवरचा काटा जायला वेळ लागला. कारण समजलं म्हणून भीती जाते असं नाही.

मी मागच्या खोलीत गेलो. मावशी तव्यावरची भाकरी उलटत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “बसा. वाढते दोघास्नी.”

दोघांना म्हणजे मला आणि तिला, असं मी धरून चाललो. विचारलं नाही.

“मावशी, ते मशीन बोलतंय.”

“व्हय.”

“तुम्ही रोज लावता?”

“लावते.” तिनं तवा उतरवला. “तुला वाटत आसंल, म्हातारी येडी झाली. मी भूत म्हनत न्हाई, लेका. मशीन हाय, मला कळतंय. पन त्यात त्यो हाय. तुझ्या काकास्नी ह्यातलं ठावं न्हाई. आता ते विहारात गेलं, पोरं त्येच्यावर बसाया लागली, की मी ऐकाया कुटं जाऊ? पोरांच्या म्होरं जाऊन म्हनू, माझा पोरगा लावा?”

तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा कापला. सहा महिने मी तोंड चुकवून बसलो होतो आणि ती इथं रोज एक बटण दाबून तीन शब्द ऐकत होती. मी तिथल्या तिथं शब्द दिला. म्हणालो, “मावशी, तो आवाज मी कॅसेटवर घेऊन देतो. तुमच्या टेपवर पाहिजे तेव्हा ऐका. मशीन जाऊ दे विहारात. आवाज कुठं जात नाही.”

ती माझ्याकडं बघत म्हणाली, “आसं हुतं?”

“होतं म्हणजे? त्यात काय आहे!” मी म्हणालो.

पण आवाज उतरवायचा तर फाईल उघडायला हवी आणि फाईल उघडायला पडदा दिसायला हवा. जेवणं झाल्यावर मी परत मॉनिटरपुढं बसलो. म्हणालो, “मावशी, ह्या पडद्याचा उजेड कुणी वाढवला होता का?”

“मीच वाढवला की,” ती दारातून म्हणाली. “त्येला नगरास्नं आनला, त्येच्या चार दिसांनी.”

झालं, मी मनात म्हणालो. सहा महिने उजेड पुरा वाढवून ठेवला, ट्यूब जळाली. निदान पक्कं. मॉनिटर नगरला न्यायला लागणार. मी गोधडी मागून घेतली आणि बांधाबांध करायला लागलो. मॉनिटरच्या हनुवटीखाली उजेड कमी-जास्त करायची दोन बारकी चाकं असतात, त्यांना हात लावून बघायची मला गरजही वाटली नाही. उजेड आधीच वाढवलाय म्हटल्यावर आणखी काय बघायचं?

तेवढ्यात दारातून वारा आला आणि कोनाड्यातली मेणबत्ती फडफडायला लागली. मावशी लगबगीनं पुढं आली. “थांब, एवढी मेनबत्ती वाढवते अन् च्या ठिवते,” म्हणाली, आणि दोन बोटांच्या चिमटीत तिनं ती वात विझवली.

मी गोधडीचं टोक हातात धरून तसाच उभा राहिलो.

आमच्याकडं दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. हे मला माझ्या आईनं शिकवलेलं होतं आणि चार वर्षं कॉम्प्युटरच्या नादात मी ते साफ विसरलो होतो. मी मॉनिटर परत टेबलावर ठेवला, केबल जोडली, हनुवटीखाली बोट घातलं आणि चाक फिरवलं. काळ्या पडद्यातून सगळं हळूहळू वर आलं. त्यानं मांडून ठेवलेल्या फाइली, वस्तीतल्या पोरांसाठी तयार केलेले धडे, आणि खाली कोपऱ्यात घड्याळ. घड्याळ बरोबर चालू होतं. सहा महिने अंधारात ते एक मिनिटही चुकलं नव्हतं.

मावशीनं पदर डोळ्यांवर ओढला आणि तोंड फिरवलं.

“का वाढवला होता?” मी विचारलं.

“उजेड दिसला की वाटायचं, बसलाय काम करत. पुढं यावं, तर खुर्ची मोकळी.” ती भिंतीकडं तोंड करून बोलत होती. “नुसता आवाज आला की त्यो दारात आसतोय. चुलीपासनं दार काय मला दिसत न्हाई. तेवढं पुरं हुतं मला.”

मी कामाला लागलो. असल्या वेळी माझ्यासारखी माणसं कामालाच लागतात.

आवाजाची फाईल सापडली. उघडली की पडद्यावर एक हिरवी रेघ येते, आवाज असेल तिथं ती फुगते. पहिला फुगवटा ‘आई’, मग ‘आलो गं’, मग बरीच सपाट रेघ आणि अगदी शेवटी एक बारकी गाठ. मी ती वाजवून बघितली. खरखर, हलकासा हुंकार, आणि टक्. माईक खाली ठेवल्याचा आवाज असावा. मला असली घाण चालत नाही. गिऱ्हाइकाला वस्तू द्यायची तर पुसून द्यावी, हा माझा बाणा. मी हाळीच्या पुढचं सगळं कापलं. ‘सेव्ह’ केलं. त्याच नावानं. जुनी फाईल बाजूला ठेवून मगच हात लावावा, हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला बजावून सांगत होतो. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मग त्यांचा टेपरेकॉर्डर स्पीकरपुढं धरला, कोरी कॅसेट घातली आणि ती हाळी एकामागोमाग वीस वेळा उतरवली. मनात म्हणालो, आता हिला बटण दाबून पाच मिनिटं वाट बघायला नको.

“बसा मावशी,” मी म्हणालो. “ऐका आता.”

ती टेपसमोर मांडी घालून बसली. मी कॅसेट मागं घेऊन लावली. “आई, आलो गं.” अगदी स्वच्छ. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं उत्तर दिलं नाही. मान किंचित तिरकी करून ती वाट बघत राहिली. “आई, आलो गं.” परत वाट बघितली. तिसऱ्यांदा झाल्यावर तिनं विचारलं, “आन् म्होरलं?”

“पुढचं काय, मावशी?”

“शेवटाला त्यो ‘हां’ म्हनतोय न्हवं? ते.”

“ती खरखर होती. मी काढून टाकली. आता बघा की, किती साफ येतंय.”

टेप चालूच होता. आई, आलो गं. आई, आलो गं. मग तिनंच हात पुढं करून तो बंद केला.

“आरं लेका,” ती म्हणाली, “हाळी मारतोय त्यो तू हायेस. तुझा आवाज हाय त्यो. आईला पोराचा आवाज वळकू येत न्हाई व्हय? त्येच्या मागनं ‘हां’ म्हनला, त्यो माझा. तेवढ्यापायी मी तुझं ऐकून घ्यायची.”

मी म्हणालो, नाही मावशी, तुमची काहीतरी चूक होतेय. आणि म्हणता म्हणताच मला ती संध्याकाळ आठवली. नवीन माईक आणलेला. आवाज किती चढतोय ते पडद्यावर कुणीतरी बघत बसायला हवं होतं आणि दुसऱ्यानं बोलायला हवं होतं. तो म्हणाला, तू बोल, मी बघतो. काय बोलू म्हटल्यावर मला चेष्टा सुचली आणि मी त्याची नक्कल केली, त्याच्याच घरात, त्याच्याच दाराकडं तोंड करून. तो पडद्याकडं बघत थांबला. आवाज नीट उतरलाय अशी खात्री झाल्यावर म्हणाला, “हां.” आणि बटण बंद केलं.

स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येत नाही. त्या दुपारी मी माझ्याच आवाजाला घाबरलो होतो. आणि माझाच आवाज घासूनपुसून लख्ख करण्यासाठी मी त्याचा आवाज, जगात उरलेला तेवढा एकच शब्द, खरखर म्हणून कापून फेकला होता.

मी त्या यंत्रावर अडीच तास बसलो. ठाऊक होत्या त्या सगळ्या युक्त्या केल्या. पुसल्या फाइली परत आणायचं एक साधन माझ्याजवळ होतं, तेही चालवलं. पण पुसलेलं परत येतं, त्याच नावानं वर लिहिलेलं येत नाही, हे मला सुरुवातीलाच माहीत होतं. मी फक्त उठायचं टाळत होतो. शेवटी उठलो. मावशीच्या पायांना हात लावला, तर तिनं ते मागं घेतले. “आमच्यात पाया पडत न्हाईत,” म्हणाली. मग म्हणाली, “जाऊ दे. तुला काय ठावं? मीबी बोलाया पायजे हुतं आदी.” ती मला शिव्या देती तर बरं झालं असतं. तिनं चहा दिला. तो मी प्यालो. त्या चहाची आजही मला लाज वाटते.

रविवारी काकांनी टेम्पो आणला आणि आम्ही यंत्र विहारात नेलं. वस्तीतली पंधरा-वीस पोरं, चार-दोन थोरली माणसं. वंदना झाली. मावशी बायांमध्ये मागं बसली होती. मी सगळं जोडलं. हाळी काढून टाकायची असं मी सकाळीच ठरवलं होतं. पण आधी यंत्र चालू करायला हवं, आणि स्पीकर कुणीतरी हौसेनं जोडून मोठा केला होता, ते माझ्या लक्षात आलं नाही.

“आई, आलो गं.”

त्या रिकाम्या भिंतींच्या हॉलमध्ये ती केवढ्यानं घुमली. पोरं आधी दचकली, मग खिदळली. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि काका, जे माझ्या गाळ्यात पिंड नाही, भूत नाही म्हणून रागावले होते, ते गर्रकन दाराकडं वळले. दारात कुणी नव्हतं. ते तसेच दाराकडं बघत राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

काका हळूहळू यंत्राजवळ आले. त्यांनी मॉनिटरवर हात ठेवला, तापल्या कपाळावर ठेवावा तसा.

“माझा पोरगा हाय ह्यो,” ते सगळ्यांना म्हणाले. मग मागं वळून मावशीला म्हणाले, “ऐकलंस का? त्योच हाय न्हवं?”

मी मावशीकडं बघितलं. आत्ता ती सांगेल, आणि सांगावं, असं मला मनापासून वाटलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

“व्हय,” ती म्हणाली. “त्योच हाय.”

काकांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि मला म्हणाले, “परत लाव.”

मी परत लावलं.